बाबा असं म्हणाले नव्हते

मिलिंद,

उद्या तुझं पुण्यानुमोदन. विहाराच्या अंगणात मंडप घालून झालाय, भंतेजींना निरोप गेलाय, तुझा फोटो मोठा करून आणलाय. फोटोत तू कुठल्याशा राजाच्या वेशात आहेस, कारण साध्या शर्टातला तुझा एकही बरा फोटो आमच्याकडे निघाला नाही. शांतामावशी बराच वेळ त्या फोटोकडे बघत बसली आणि मग सगळ्यांच्या देखत मला म्हणाली, "कुंदे, डाक्टरनं तुले सांगतलं होतं ना? मंग काहून गाऊ देलं त्याले?"

मी उठले. आत जाऊन चहा टाकला. मावशीला उत्तर द्यायचं तर फार मागे जावं लागेल, आणि तेवढं मागे मी फक्त एकदाच गेले होते, तुझ्यासमोर, स्टेजच्या मागच्या खोलीत, तुझा कार्यक्रम सुरू व्हायला दहा मिनिटं असताना.

बाबांची गायन पार्टी तुला आठवते तशीच मलाही आठवते. मूर्तिजापूर जंक्शनवर दिवसभर रेल्वेची नोकरी, आणि संध्याकाळी भीमगीतं. बाबांची पट्टी इतकी उंच की माइक बिघडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जायचा. तुला कोरसमध्ये त्यांनी सातव्या वर्षीच घेतलं होतं. मग तुझा आवाज फुटला आणि खाली गेला तो परत वर आलाच नाही. पट्टी गाठताना तुझ्या गळ्याच्या शिरा तटतटायच्या. बाबांनी एक दिवस हार्मोनियमचा भाता बंद केला आणि सगळ्या पार्टीसमोर म्हणाले, "या आवाजात गाणं नाई होत लेका. या आवाजात धाक होते." पार्टीतले लोक हसले. तू त्या दिवसापासून टाळ घेऊन मागे बसायला लागलास, आणि वर्षभरानं बसणंही सोडलंस.

ग्रेसबाई भेटल्या नसत्या तर तू रेल्वेतच लागला असतास. अमरावतीला कॉलेजात तू निवेदन करत होतास, आणि बक्षीस द्यायला त्यांना बोलावलं होतं. परतवाड्याच्या कुठल्याशा मिशन दवाखान्यातून निवृत्त झालेली मेट्रन, चर्चमध्ये गाणं शिकवणारी, पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी बक्षिसं वाटली आणि मग तुलाच विचारलं, "तू गातो काय रे?" तू म्हणालास, मले गाता येत नाई. त्या म्हणाल्या, "कोण म्हणते? हा आवाज पोहऱ्यातला नाई, आडातला हाय. काढणारा पायजे."

दर रविवारी तू एसटीनं अचलपूरला जायचास. त्यांच्याकडे एक जुना पियानो होता, त्याच्या चार पट्ट्या वाजत नसत, तेवढे सूर त्या तोंडानं म्हणून दाखवायच्या. बॅरिटोन हा शब्द तू पहिल्यांदा तिथून घरी आणलास. बाबांना समजावून सांगितलंस, की पुरुषाच्या आवाजाचा हा मधला, भारदस्त थर असतो, आणि तिकडे ऑपेरात पूर्ण नाटक गाण्यातच करतात, तिथं या आवाजाला मोठं काम असतं. बाबांनी विचारलं, "अन् ते कोन्या भाषेत?" तू म्हणालास, इटालियन, जर्मन. बाबा म्हणाले, "म्हणजे आपल्या लोकाईले काईच नाई." तेवढ्यावर विषय संपला. तू मुंबईला गेलास, मग शिष्यवृत्तीवर जर्मनीला, आणि बाबांनी कधी विचारलं नाही की तू तिथं नेमकं काय गातोस.

सहा वर्षं तू तिथल्या एका थिएटरच्या कोरसमध्ये उभा राहिलास. भाला घेऊन, मशाल घेऊन, गावकरी म्हणून, कैदी म्हणून. प्रत्येक खेळाआधी तुझा फोन यायचा. मी विचारायचे, आज काय आहेस? एकदा म्हणालास, "आज मी समुद्र हावो ताई. पडद्यामागून नुसतं ओ ओ करायचं हाय." मग छोट्या भूमिका आल्या. नोकर, पहारेकरी, मुनीम. मग तुझ्याच शब्दांत सांगायचं तर मरायच्या भूमिका. मी विचारलं, तू दर वेळी मरतोसच का रे? "नाई," तू म्हणालास, "कधीमधी मारतो बी." नायिका मात्र कधीच तुझ्या वाट्याला येत नसे. तू सांगितलं होतंस, की प्रेम सगळं उंच आवाजाच्या लोकांना मिळतं, बॅरिटोनला मिळते सूडबुद्धी नाहीतर मुलं. हे सांगताना तू हसत होतास. मला बाबांची पट्टी आठवली होती.

मग ती भूमिका आली. एका हट्टी बापाची. मूळ गायक आजारी पडला म्हणून नव्हे, रीतसर निवडून तुला दिली होती. पहिल्या खेळाला दुसऱ्या देशांच्या थिएटरांतून माणसं येणार होती. तू तीन महिने दुसरं काही बोलत नव्हतास.

तुझा पहिला खेळ शुक्रवारी होता. बाबांना अर्धांगाचा झटका मंगळवारी आला.

अकोल्याच्या दवाखान्यात उजवी बाजू गेलेल्या बाबांच्या उशाशी मी बसले होते. जीभ जड झाली होती, पण समजत होतं. बुधवारी सकाळी त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "मिलिंदले बलाव." मी हो म्हटलं. दुपारी पुन्हा म्हणाले. संध्याकाळी पुन्हा, आणि या वेळी डोळ्यांत राग होता, कारण त्यांना कळलं होतं की मी बोलावलेलं नाही.

बुधवारी निघाला असतास तर गुरुवारी रात्रीपर्यंत पोचला असतास. हे गणित मी तेव्हाही केलं होतं. मला कोणी अडवलं नव्हतं. सहा वर्षं तू पडद्यामागून समुद्र झाला होतास आणि आता तू एकदा समोर येणार होतास. मी ठरवलं. गुरुवारी तुझा फोन आला, "बाबाले दे." मी वऱ्हांड्यात उभी होते, बाबा वीस पावलांवर. फोन त्यांच्या कानाला लावला असता तरी पुरे होतं. मी म्हणाले, बाबा झोपलेत, तू तुझं गा.

शुक्रवारी दुपारी बाबा गेले. संध्याकाळी तू गायलास. तुला मी शनिवारी सांगितलं.

तू आलास तेव्हा सगळं आटोपलं होतं. आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तू विचारलंस, "काहून नाई सांगतलं?" तुझा तो आवाज. घर लहान होतं आणि तू ओरडतही नव्हतास, तरी ताटाळ्यातली ताटं हलली असं मला वाटलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबाच म्हणाले. त्याले सांगू नोको, गाऊ दे त्याले, म्हणाले."

मी हे आधी ठरवलं नव्हतं. मला खरंच त्या क्षणी फक्त तुझ्या रागापासून सुटायचं होतं. पण तुझा चेहरा बदलला. तू दाराच्या चौकटीला धरून खाली बसलास आणि लहान मुलासारखा रडायला लागलास. "बाबा असं म्हणाले? गाऊ दे म्हणाले?" मी मान हलवली. एकदा हलवलेली मान परत कशी घ्यायची?

त्या एका वाक्यावर तू नऊ वर्षं गायलास. इटलीत गायलास, जपानमध्ये, दक्षिण अमेरिकेत. ज्या शहरांची नावं मी शाळेत भूगोलाच्या पुस्तकात वाचली तिथं तिथं तू बाप झालास, राजा झालास, खुनी झालास. आणि प्रत्येक मुलाखतीत कोणी ना कोणी विचारायचंच, की भारतातल्या एका लहान गावातून तुम्ही इथं कसे आलात. तू सांगायचास, माझे वडीलही गायक होते, त्यांना माझा आवाज पसंत नव्हता, पण मरताना ते म्हणाले, गाऊ दे त्याला. तू मला कात्रणं पाठवायचास. भाषा समजत नसे, पण त्यात ते वाक्य कुठे असेल ते मला अवतरणचिन्हांवरून कळायचं. माझं खोटं माझ्यापेक्षा जास्त देश फिरून आलं.

मी एकदाच आले होते तुझ्याकडे. तिसऱ्या गॅलरीत बसले. तू खाली मुलाला घराबाहेर काढत होतास. खेळ संपल्यावर आत आले तर तू अर्धी दाढी काढलेला, घामानं भिजलेला. "कसं वाटलं?" मी म्हटलं, समजलं काहीच नाही, पण भीती वाटली. तू इतका खूश झालास. "म्हंजे बाबा बरोबरच होते," म्हणालास, "धाक होते." मला तेव्हाच सांगायला हवं होतं. तुझ्या आरशाभोवती दिवे होते आणि आरशाच्या कोपऱ्यात बाबांचा ओळखपत्रावरचा फोटो अडकवलेला होता. मी नाही सांगितलं.

दोन महिन्यांपूर्वी तू दम लागतो म्हणून सुट्टी घेऊन आलास. अमरावतीला पहिल्यांदाच कार्यक्रम करायचा, हे तुझं आधीच ठरलं होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि रिपोर्ट घ्यायला मी एकटी गेले. छातीतली मोठी रक्तवाहिनी फुगली आहे, भिंत पातळ झाली आहे, मुंबईला ऑपरेशन करावं लागेल, आणि तोवर गाणं नको. डॉक्टर चांगले होते. ते म्हणाले, "ऐकणार नाहीत ते. तुम्हीच काहीतरी कारण काढा. हॉल मिळाला नाही म्हणा."

परतीच्या बसमध्ये मी कारणं शोधत होते. मला कारणं काढता येतात, मिलिंद. बडनेऱ्याच्या आत तीन सापडली होती. पण अमरावतीला घरी आले, तू पेपर बाजूला ठेवून म्हणालास, "खरं सांगजो ताई," आणि मी सगळं सांगितलं. रिपोर्ट तुझ्या हातात दिला. एक खोटं मी नऊ वर्षं सांभाळत होते, दुसऱ्याला माझ्यात जागा नव्हती.

तू रिपोर्ट दोनदा वाचलास. "नऊ दिवस राह्यले कार्यक्रमाले. ऑपरेशन त्याच्या आठ दिवसांनं. मंग झालं तं." मी म्हटलं, रद्द कर. तू म्हणालास, हलक्या आवाजात गाईन. मी म्हटलं, तुला हलक्या आवाजात गाता येतं का? त्यावर आपण भांडलो. तुझा आवाज नऊ दिवस मीच दाबून धरत होते, "ओरडू नको, ओरडू नको," आणि तू म्हणत होतास, "ओरडून तं तू राहिली." शेवटी तू डॉक्टरांना फोनवर शब्द दिलास. अर्ध्या ताकदीनं. वरचे सूर नाही. एका तासात आटोपतं.

आणि मग ती मागची खोली. नागपूरहून आलेला पियानोवाला बाहेर वायरी जोडत होता. हॉल भरला होता. बाबांच्या पार्टीतले चार म्हातारे पहिल्या रांगेत येऊन बसले होते. तू आरशासमोर चार वाक्यं पाठ करत होतास, खास वऱ्हाडीत. "जयभीम. मी तुमच्यातलाच हावो. माह्या बापाले माहा आवाज नोकोसा होता. पन मरताना माहा बाप म्हणाला..."

"नको म्हणू ते," मी म्हणाले.

"काय?"

"ते शेवटचं. बाबा असं म्हणाले नव्हते."

तू आरशातूनच माझ्याकडे बघितलंस. वळला नाहीस. "मंग काय म्हणाले?"

"मिलिंदले बलाव, म्हणाले. तीनदा म्हणाले."

बाहेर कोणीतरी माइकवर टकटक करत होतं. मला वाटलं तू ओरडशील, आणि ओरडलास तर त्याच क्षणी तुझ्या छातीत काहीतरी फाटेल. मी तुझ्या कोटाची बाही धरली. तू ती सोडवून घेतलीस, हळू, एकेक बोट करून. "बाजूले हो," म्हणालास, आणि गेलास.

ती चार वाक्यं तू बोललाच नाहीस. सरळ गायला सुरुवात केलीस. आणि मिलिंद, तू अर्ध्या ताकदीनं गायला नाहीस. मी भिंतीला टेकून उभी होते आणि तुझे श्वास मोजत होते. प्रत्येक श्वासाला तुझी छाती भरून यायची आणि मला ती पातळ भिंत दिसायची. पहिल्या रांगेतले म्हातारे हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते. त्यांना त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण एकही हलत नव्हता. मी दोनदा स्टेजच्या पायरीपर्यंत गेले. वर चढून माइक बंद करावा, लाज गेली तरी चालेल. दोन्ही वेळा परत आले. तुझ्यासाठी ठरवायचा हक्क माझ्याकडे उरलाच नव्हता, मागच्या खोलीत तो मी स्वतः सोडून दिला होता.

शेवटी तू पियानोवाल्याला थांबायची खूण केलीस आणि बाबांच्या पार्टीचं गाणं काढलंस. साथीशिवाय, आणि बाबांच्याच पट्टीत. तुझ्या आवाजाचं ते घरच नव्हे. दुसऱ्या कडव्याला वरच्या सुरावर तुझा आवाज फाटला. इतक्या वर्षांत लोकांसमोर पहिल्यांदा फाटला असेल. तू थांबला नाहीस, फाटक्या आवाजात तसाच पुढे गेलास. तेव्हा पहिल्या रांगेतला ढोलकीवाला गजाननकाका उठून उभा राहिला आणि त्यानं कोरस उचलला. मग बाकीचे तिघे. मग सगळा हॉल. तू गायचा थांबलास आणि ऐकत उभा राहिलास.

नंतर चार दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस. जेवायचास, पेपर वाचायचास. मी गिला वडा आणून ठेवला, तो खाल्लास, पण बोलला नाहीस. मी माफी मागितली नाही. मला वाटत होतं ऑपरेशन होऊ दे, मग सगळं बोलू.

पाचव्या दिवशी सकाळी तुझ्या पाठीतून कळ गेली. डॉक्टर म्हणाले, मुंबई शक्य नाही, आधी अकोल्याला आणा. रुग्णवाहिकेत मी तुझ्या पायाशी होते. अर्ध्या रस्त्यावर तू डोळे उघडून विचारलंस, "मूर्तिजापूर आलं काय?" ते चार दिवसांतलं पहिलं बोलणं. मी म्हटलं, येऊन राहिलं. तू खिडकीकडे मान वळवलीस, पण झोपलेल्या माणसाला त्या खिडकीतून नुसतं आभाळ दिसतं.

दवाखान्यात दुपारी तुला थोडं बरं वाटलं. नर्स बाहेर गेली. मी म्हटलं, मिलिंद, मला माफ कर.

तू छताकडे बघितलंस. मग म्हणालास, "नाई केलं अजून."

"बरं."

"तू बलावलं असतं तं मी आलो असतो. बाबा भेटले असते. अन् मंग मी कधी तसा गायलो असतो का, मले नाई मालूम. याचाच राग येऊन राहिला मले. तुह्यावर धड रागवता बी येत नाई." तुला धाप लागली. मी बोलू नको म्हटलं. "बोलू दे," म्हणालास. "थोडा टाइम दे मले, ताई. लय मोठं हाय हे."

मी म्हटलं, पाहिजे तेवढा घे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला तू गेलास.

मी डॉक्टरांना विचारलं, गाण्यानं झालं का? ते म्हणाले, सांगता येत नाही, न गाताही झालं असतं. मला त्यांनी एक काहीतरी नक्की सांगायला हवं होतं. ते मावशीला हवंय तसंच मलाही हवंय. खोटं बोलून मी बाबांपासून तुला तोडलं, आणि खरं बोलून तुला कुठे पाठवलं ते मला कळत नाही. तुला हलक्या आवाजात गायचं होतं, तू शब्द दिला होतास. मीच ते वाक्य तुझ्याकडून काढून घेतलं आणि हात रिकामे करून तुला स्टेजवर जाऊ दिलं. आणि तरीही, खरं सांगते, फाटलेल्या आवाजातलं तुझं ते कडवं मी ऐकलं नसतं तर मला माझा भाऊ पूर्ण कळला नसता. असं वाटणं बरोबर आहे का, हे तूच सांगू शकला असतास. भांडला असतास, पण सांगितलं असतंस.

आज दुपारी तुझ्या थिएटरमधून फोन आला. एक बाई होत्या, इंग्रजीत बोलत होत्या, माझ्यासाठी सावकाश. पुढच्या आठवड्यात ते सगळे तुझ्यासाठी जमणार आहेत. तुझ्याबद्दल एक पान छापणार आहेत. त्यांनी ते मला वाचून दाखवलं. तुझ्या भूमिका, तुझी शहरं, आणि शेवटी ते वाक्य. वडील मरताना म्हणाले, गाऊ दे त्याला. बाई म्हणाल्या, हे त्याच्या तोंडून आम्ही सगळ्यांनी ऐकलंय, फक्त शब्द बरोबर आहेत ना तेवढं बघा.

बाहेर मंडपवाले खुर्च्या उतरवत होते. मी दार लावून घेतलं.

म्हटलं, बरोबर नाहीत. ते वाक्य माझं आहे. वडील असं म्हणाले नव्हते.

मग त्यांनी विचारलं, मग काय म्हणाले होते?

मिलिंदला बोलव, असं म्हणाले होते.

"आणि तुम्ही बोलावलंत?"

"नाही."

त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. फार हळू आवाजात त्यांनी विचारलं, हे असंच लिहू का?

मी म्हटलं, लिहा.